टॅबातली प्रयोगशाळा आणि माझी गारगोटी

सातवीत असताना मी शास्त्रज्ञ होते. याची खात्री अख्ख्या येरमाळ्यात एकाच माणसाला होती आणि ते माणूस म्हणजे मी. पण खात्री इतकी पक्की की दुसऱ्या कुणाची गरज पडायची नाही. दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली, गुडघे खरवडलेले, बोटांना भज्यांचं तेल, आणि तोंड एकदा सुरू झालं की एसटीच्या हॉर्नशिवाय कशानं थांबायचं नाही. अशी ही विदुषी. करोनात बंद पडलेल्या शाळा पुन्हा नीट भरायला लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी सानिका हे नाव एकदम नवं होतं. वर्गात आणखीही सानिका होत्या आणि आम्हा सगळ्यांना वाटायचं, या नावाची बाई काही म्हातारी होत नसती. झाली. आता नातवंडं 'सानिकाआजी' म्हणून हाक मारतात आणि उठताना माझे दोन्ही गुडघे माझ्याआधी ओ देतात.

आमचं घर म्हणजे हॉटेलाची मागची बाजू. हायवेच्या कडेला, जिथं गाड्या थांबतात तिथं पप्पांचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. पुढं कढई, मागं आम्ही. मी कधी कोंबड्यानं जागी झाले नाही, मिरच्या तेलात पडल्या की 'चर्र' आवाज यायचा, त्यापाठोपाठ कंडक्टरची "चहा प्या, लवकर या!" अशी आरोळी यायची, आणि माझे डोळे उघडायचे. आई बेसन कालवायची, पप्पा तळायचे, आणि माई, म्हणजे पप्पांची आई, गल्ल्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची. "कुठल्या गावच्या बाई तुम्ही? जळकोटच्या? मग आमच्या भाचीला ओळखत असाल की!" त्या बाईच्या तोंडात गरम भजं, डोळ्यात पाणी, आणि गाडी सुटायला आलेली. तरी माई भाचीचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, शेत कुठल्या अंगाला आहे, सगळं सांगून मोकळी व्हायची. मी मागच्या उंबऱ्यावर बसून शिळ्या भाकरीचा कुस्करा खायचे. वर शेंगदाण्याची चटणी आणि पप्पांची नजर चुकवून कढईतलं चमचाभर गरम तेल. तसा कुस्करा मला पुढं कुठंच मिळाला नाही. परवा सुनेकडून करून घेतला, तर तिनं त्यात कोथिंबीर घातली. काही बोलले नाही. म्हणजे, माझ्या मानानं काही बोलले नाही.

आमच्या शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं. त्यात एक तडकलेलं चंचुपात्र, भिंग हरवलेला सूक्ष्मदर्शक आणि एक पाल. कपाटाची किल्ली कधीच गहाळ झालेली, त्यामुळं पालीचं बरं चाललं होतं. विज्ञान शिकवायचे शेख सर. उंच, पांढरी पँट, इस्त्री अशी कडक की कडेनं कागद फाडावा. ते फळ्यावर चंचुपात्र काढायचे, त्याखाली ज्योत काढायचे आणि म्हणायचे, "समजा, आता हे उकळलं." आम्ही समजायचो. सातवीपर्यंत आम्ही लई काही समजून घेतलं होतं. बघितलं काहीच नव्हतं.

अशात दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी शाळेच्या फाटकात एक पांढरी व्हॅन येऊन उभी राहिली. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेची. तिच्यातून एक निळी पेटी उतरली आणि पेटीतून निघाले टॅब. सरांनी ते टेबलावर मांडले, हात मागं बांधले आणि अट सांगितली. हे टॅब परीक्षेपर्यंत उसने आहेत. आपल्यासारख्याच आणखी काही शाळांना दिलेत. शेवटी पाहुणे येतील. ज्या शाळेची पोरं पडद्यावरचा एखादा प्रयोग पडद्याबाहेर करून दाखवतील, आणि पाहुण्यांना तो पटेल, त्या एकाच शाळेत पेटी कायमची राहील. "बाकीच्यांची परत जाणार. समजलं?"

आम्हाला 'टॅब' एवढंच समजलं. सर म्हणाले, "आधी हात धुऊन या," तर वर्ग नळावर असा पडला की मुख्याध्यापकांना वाटलं पोरांना मधमाश्या लागल्या. माझे हात धुऊनही कामाचे नव्हते. भज्यांच्या तेलानं टॅब माझं बोट ओळखायचाच नाही. मी इकडं बोट ठेवायचे, चित्र तिकडं पळायचं. सर म्हणायचे, "सबूर, बेटा, सबूर. भांडी घासायच्या साबणानं धुऊन ये." पुढं पुढं तर दप्तरात मी पुस्तकाच्या आधी साबणाची वडी टाकायचे.

पण एकदा बोट चाललं आणि मी वेडी झाले. आजच्या पोरांना हे सांगून कळायचं नाही. 'समजा' म्हणत मोठ्या झालेल्या पोरीच्या बोटाखाली शनी फिरतोय, त्याची कडी तिरपी होतायत! बीकर उचलावं, ओतावं, ज्योत मोठी करावी, पाण्यातून बुडबुडे वर यावेत, आणि फुटलं तर फुटलं, कोपऱ्यातला बाण दाबला की सगळं परत जागच्या जागी. त्या टॅबात एक बाई होती. दिसायची नाही, नुसती बोलायची. जमलं की म्हणायची, "शाब्बास! तुमचं निरीक्षण अचूक आहे." चुकलं तर म्हणायची, "हरकत नाही. पुन्हा प्रयत्न करा." आमच्या घरात चुकल्यावर 'हरकत नाही' असं कुणी कधी म्हटलेलं मला आठवत नाही. मी त्या बाईच्या प्रेमातच पडले. माझी मैत्रीण प्रतीक्षा माझ्याच बाकावर, माझ्याच टॅबवर असायची. तिच्या वाटणीला फक्त हेडफोनचा एक कान यायचा. बिचारी अर्ध्या कानानं विज्ञान शिकली आणि माझ्यापेक्षा बरी शिकली.

शनिवारी पाळीपाळीनं एकेक टॅब घरी न्यायला मिळायचा. माझी पाळी आली तेव्हा मी हॉटेलात अशी शिरले की जणू धाराशिवहून साहेब तपासणीला आले. त्यात एक गंमत होती. कॅमेरा समोरच्याच्या छातीवर धरला की पडद्यावर त्याच्या कपड्यांवर लालभडक हृदय धडधडायला लागायचं. मी टॅब माईवर धरला.

"माई, हलू नका. तुमचं काळीज दाखवते."

माईनं पदर सारखा केला आणि पडद्यात डोकावलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "ह्ये माझं न्हाय."

"तुमचंच की! बघा, तुमच्या लुगड्यावरच हाय."

"आगं, माझं एवढं लाल कुठून असंल? तुझ्या आज्यानं काय ठिवलंय का त्यात?"

बाहेर भजी खाणारी माणसं उठून आत आली. एकेकाचं काळीज बघून झालं. एका ड्रायव्हरनं स्वतःचं बघितलं आणि तिसरा चहा रद्द केला. पप्पा तोंडानं "अभ्यास कर, अभ्यास" म्हणत होते, पण हातातला झारा सोडून तेही छाती पुढं काढून उभे राहिलेच. त्या दिवशी भज्यांचा एक अख्खा घाणा जळाला.

माझा आवडता प्रयोग मात्र दगडाचा. पडद्यावर एक पांढराशुभ्र चकचकीत दगड असायचा. त्यावर बाटलीतून आम्ल ओतायचं, की फस्सकन फेस. बाई सांगायची, हा चुनखडीचा दगड आहे. आम्ल पडलं की त्यातून कर्बवायू निघतो. मी तो प्रयोग इतक्या वेळा केला की तो दगड मला माहेरचा वाटायला लागला. आणि का नाही वाटणार? चुनखडी तर आमची! चैत्राच्या यात्रेत येडेश्वरीची पालखी निघते तेव्हा सगळं गाव आणि आलेलं सगळं माणूस रानात चुनखडीचे खडे वेचतं आणि ढिगावर वाहतं. मी पाळण्यातून उतरल्यापासून खडे वेचत आले होते. आम्हा पोरांची तिथं चढाओढ असायची, कुणाचा खडा जास्त पांढरा, कुणाचा जास्त चमकतो. देवीला द्यायचा तर देखणाच दिला पाहिजे की! माझा नेहमी सगळ्यात चकचकीत असायचा. म्हणून वर्गात सरांनी विचारलं, पाहुण्यांसमोर कुठला प्रयोग करायचा, तेव्हा मी हात वर केला नाही, थेट बाकावर चढले.

"सर, चुनखडी! येरमाळ्याच्या पोरीनं न्हाय करायची तर कुणी करायची?"

सर हसले. म्हणाले, "प्रयोगशाळेतलं ॲसिड मी हातात देणार नाही. सिरका चालेल." सर व्हिनेगरला सिरका म्हणायचे. आमच्या शेजारच्या चायनीजच्या गाड्यावर तो होताच; पप्पांच्या शब्दावर एक बाटली मिळाली. खडे आणायला मी रानाकडं निघाले तर माईनं खुर्चीतूनच अडवलं. "देवीच्या रानातला खडा शाळेत न्यायचा न्हाय. जो उचलला त्यो तिथंच वाहायचा. दुसरीकडून आण." म्हणून मी आणि प्रतीक्षा ओढ्याकाठी गेलो. प्रतीक्षा मातकट, गाठी गाठी आलेले खडे उचलायला लागली. मी तिच्या हातातून ते खाली पाडले. "ह्ये काय बटाटे गोळा करायलीस? पाहुणे यायलेत!" आणि शोधून शोधून एक देखणा खडा काढला. दुधासारखा पांढरा, उन्हात धरला तर आरपार उजेड. घरी आणून साबणानं धुतला, आईच्या जुन्या ओढणीत गुंडाळला.

शेवटच्या दिवसापर्यंत सर म्हणत होते, "बेटा, एकदा खरा करून बघ." आणि मी म्हणत होते, "सर, टॅबवर केलाय की! कितीदा केलाय!" हे लिहिताना मला त्या पोरीची वेणी ओढावीशी वाटते. पण तिला ओढून उपयोग नव्हता. ती तेव्हा कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती. तिला फक्त एकच दिसत होतं, निळी पेटी. पेटी गेली तर शनी जाणार, हृदय जाणार, 'हरकत नाही' म्हणणारी बाई जाणार, आणि उरणार 'समजा' आणि पाल. शेजारच्या वाशी तालुक्यातल्या एका शाळेनं आदल्या दिवशी लिंबांवर दिवा पेटवून दाखवल्याचं कानावर आलं होतं. त्या लिंबांच्या धसक्यानं मी त्या सकाळी कुस्करासुद्धा अर्धा टाकला.

शाळेच्या मैदानात कडुलिंबाच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. पुढच्या खुर्च्यांवर पुण्याच्या बाई, त्यांच्याबरोबरचे एक साहेब, मुख्याध्यापक, आणि मधोमध माई. माईला कुणी बोलावलं नव्हतं. ती पाहुण्यांच्या भज्यांबरोबर आली होती आणि पुण्याच्या बाईंचं माहेर कुठलं हे तोवर तिनं काढून घेतलं होतं. मी आधी टॅबवर प्रयोग दाखवला. फस्सकन फेस. टाळ्या. मग ओढणी उलगडली आणि खडा वर धरला. टॅबातल्या बाईचा आवाज काढून मी म्हणाले, "आता आपण हाच प्रयोग प्रत्यक्ष पाहू." खडा वाटीत ठेवला. प्रतीक्षानं बाटलीचं बूच काढलं. मी सिरका ओतला.

काही झालं नाही.

मी आणखी ओतला. खडा सिरक्यात असा पडून राहिला जसा जेवल्यानंतर बाजेवर जावई. एक बुडबुडा नाही. मी वाटी हलवली. चमच्यानं टोचलं. माझ्या कानाच्या पाळ्या पेटल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्या शांततेत माई मोठ्यानं म्हणाली, "आगं, आंघोळ घालायलीस का त्याला?"

सगळं मैदान हसलं. साहेब हसले, मुख्याध्यापक रुमालात हसले. मी कोपऱ्यातला बाण शोधत होते, खरंच, नजर टेबलाच्या कोपऱ्यावर गेली होती माझी. तिथं फक्त भज्यांची ताटली होती. 'हरकत नाही' म्हणायला कुणी नव्हतं. पेटी गेली, एवढंच डोक्यात वाजत होतं. आणि मला रडू यायच्या ऐवजी राग आला. माझं तसं पहिल्यापासूनच आहे. मी वाटी उचलली आणि खड्यासकट सगळा सिरका पायाशी फेकून दिला.

"सानिके," प्रतीक्षा कुजबुजली. मग ओरडली, "सानिके, खाली बघ! खाली बघ की!"

खाली बारीक आवाज येत होता, सोड्याची बाटली उघडल्यावर कान लावला तर येतो तसा. माझ्या चपलेशेजारी मातीत एक मळकट, बटाट्यासारखा, गाठी आलेला खडा पडला होता, आणि त्याच्या अंगावर पांढरा फेस चढत होता. फस्स नाही, हळूहळू, पण थांबत नव्हता. मी गुडघ्यांवर बसले. आणखी एक तसलाच खडा उचलला, थेंब टाकला. फेस! आणखी एक. फेस! माझी देखणी गारगोटी बाजूला ओलीचिंब, ढिम्म.

"उलटं हाय!" मी किंचाळले. "सर, उलटं हाय! चमकतोय त्यो मुका, आन् मळका बोलायलाय!"

पुण्याच्या बाई खुर्चीतून उठल्या. साडीच्या निऱ्या हातात धरून माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या. "कुठला दगड? दाखव. आणि हा? याला का नाही येत?"

आता मला काय माहीत! पण मला अंगात आल्यासारखं झालं होतं. मी म्हणाले, "बाई, आता तुम्हीच एक दगड आणा. म्या सांगत न्हाय कुठला ते. तुम्हीच बघा." बाई खरंच उठून मैदानात दगड शोधायला गेल्या. मग काय, वर्ग सुटलाच. कुणी कुंपणाकडं, कुणी नळाकडं, कुणी भिंतीचा पोपडा काढून आणला. साहेब बूट मातीत घालून ओणवे झाले. प्रतीक्षा थेंब टाकत होती आणि मी ओरडत होते, "बोलला!" नाहीतर "मुका!" बोललेल्यांचा ढीग एकीकडं, मुक्यांचा दुसरीकडं. बाईंचा दगड बोलला तेव्हा त्यांनी अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरचा टमटमवाला थांबून बघायला लागला. माईनं खुर्चीतूनच वाकून एक उचलून दिला. तो ढिम्म निघाला. "माझा बी मुकाच व्हय?" माई म्हणाली. "दुसरा दे. ह्यो मोजू नका."

दम लागून सगळे थांबले तेव्हा सरांनी माझी गारगोटी उचलली. फार मोठं भाषण नाही केलं. "चुनखडीत चुना असतो म्हणून तिच्यातून वायू निघतो. गारगोटी वेगळी चीज आहे, तिच्यात चुना नाहीच. दिसायला पांढऱ्या दोन्ही. ओळखायचं कसं, ते आत्ता तुम्हीच शोधलंत." आणि मला हळूच म्हणाले, "यात्रेत इतकी वर्षं काय वाहायचीस गं तू?" देवीनं इतकी वर्षं चालवून घेतलं, सरांनीही घ्यावं.

पण पाहुण्यांनी निकाल सांगितला नाही. "कळवू," म्हणाले. उसनवारीची मुदत संपली होती, म्हणून निळी पेटी व्हॅनमध्ये चढली. बाईंनी एक मळका खडा रुमालात बांधून पर्समध्ये टाकला, व्हॅनचं दार सरकलं, आणि धूळ खाली बसेपर्यंत आम्ही फाटकातच उभे राहिलो.

घरी आले ती रडायचं ठरवूनच. मागच्या उंबऱ्यावर बसले, तोंड वाकडं केलं, सुरुवातही केली. पण हातात ती बाटली होती, आणि तळाशी थोडा सिरका होता. समोर आईचा पाटा. म्हटलं, रडायच्या आधी एक थेंब. पाटा मुका. मग विटेवर. वीट मुकी. मग अंड्याच्या टरफलावर. ते बोललं! मी रडायचं विसरून चार पायांवर रांगायला लागले. आणि मग मी सहज, काही मनात न ठेवता, जिच्यावर रोज झाडू मारायचे, जिच्यावर अभ्यास न केल्याबद्दल मार खाल्ला होता, त्या पायाखालच्या शहाबादी फरशीवर थेंब सोडला.

फरशी बोलली.

राखाडी, थंड, गुळगुळीत फरशी, आणि तिच्यावर बारीक बारीक बुडबुडे. मी दुसऱ्या फरशीवर टाकला. तीही. तिसरी, तीही! म्हणजे आम्ही चुनखडीवर झोपत होतो, चुनखडीवर जेवत होतो, हॉटेलातली सगळी गिऱ्हाइकं चुनखडीवर पाय ठेवून चहा पीत होती, आणि कुणाला पत्ता नव्हता! मी रांगत रांगत पुढं हॉटेलात आले, बाकांखालून, माणसांच्या पायांमधून, थेंब टाकत. आई ओरडली, "डाग पडतेत गं, सटवे!" माईनं दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. "आगं बया, फरशी उकळायली!"

तेवढ्यात दारात शेख सर. धावत आलेले, इस्त्री मोडलेली, फोन अजून हातात. "सानिका! पुण्याच्या बाईंचा फोन आला. पेटी आपल्याकडं राहणार! उद्या व्हॅन परत येतेय. पेटी आपली झाली, बेटा!"

पप्पांच्या हातून झारा कढईत पडला. प्रवासी कशाला टाळ्या वाजवायच्या हे न कळता टाळ्या वाजवायला लागले. आणि मी, जिनं त्या पेटीसाठी सकाळचा कुस्करा अर्धा टाकला होता, मी बाकाखालून फक्त डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले,

"सर, ते ऱ्हाऊ द्या. लवकर या. आधी ह्ये बघा."

सरांनी फोन खिशात टाकला, पांढऱ्या पँटीचे गुडघे फरशीवर टेकले आणि माझ्याशेजारी बाकाखाली शिरले.